वायू भोवती असताना दीर्घिका तारे घडवायचं का थांबवते?

मार्चच्या अमावास्येला विजयदुर्गाच्या पायथ्याशी आपण आकाशदर्शन केलं, तेव्हा तुझा प्रश्न अर्धवट राहिला होता. संध्याकाळी पश्चिमेला कललेल्या मृगातला तेजोमेघ तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. अकराच्या पुढे कन्या रास वर आल्यावर माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मेसिए ८७ ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत, दाखवली. पुसट, गोल, कापसाच्या बोळ्यासारखी. मी म्हटलं, मृगात आत्ता, या घडीला तारे जन्मतायत, आणि ह्या दीर्घिकेत कित्येक अब्ज वर्षांपूर्वीच ते काम जवळजवळ थांबलं. तू लगेच विचारलंस, "हिच्यातला वायू संपला का? एवढी मोठी दीर्घिका एकदम थांबते कशी?" तुझ्या मैत्रिणीने त्यात भर घातली, "कृष्णविवर सगळं गिळतं ना, मग ते वायू बाहेर कसं ढकलेल?" रांगेत वीसेक जण खोळंबले होते, म्हणून मी दोन वाक्यांत आवरलं. ते बरोबर झालं नाही. दीर्घिकांचं निरीक्षण करण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली आहेत आणि हे दोन प्रश्न त्यातल्या बऱ्याच वर्षांना पुरले आहेत. आता निवांत लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: वायू संपलेला नाही. मेसिए ८७ आपल्यापासून साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, कन्या समूहाच्या, म्हणजे कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या मोठ्या घोळक्याच्या, मधोमध आहे. तिच्या भोवती आणि तिच्या आतही वायू पसरलेला आहे. अशा मोठ्या समूहांमध्ये दीर्घिकांच्या मधल्या जागेत भरलेल्या वायूचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या कितीतरी पट भरतं. पण तो वायू तापलेला आहे, कोटी-दोन कोटी अंशांपर्यंत. साध्या दुर्बिणीला तो दिसतच नाही, कारण तो क्ष-किरणांत चमकतो. तारा जन्मायला नेमका उलट माल लागतो. उणे २६० अंशांच्या आसपास गारठलेला, रेणूरूप हायड्रोजनचा दाट ढग. वायू थंड असला तर त्याचा आतून बाहेर रेटणारा दाब कमी असतो, मग गुरुत्वाकर्षण त्याला मुठीत आवळू शकतं. गरम वायूला आवळता येत नाही.

भरतीच्या वेळी वाघोटन खाडीच्या काठावर उभी राहा. नजर पोचेल तिथवर पाणी. पण हंडा भरायचा तर विहिरीकडेच जावं लागतं, आणि मे महिन्यात पंप जरा जास्त चालवला की काठाजवळची तीच विहीर मचूळ होते. पाणी नाही असं कोणी म्हणणार नाही, पिण्याजोगं नाही एवढंच. मोठ्या दीर्घिकांची गोष्ट ह्याच जातीची आहे.

इथे एक गल्लत होते. विद्यार्थ्यांची होते, आणि शोधनिबंधांतही मी ती पुष्कळदा पाहिली आहे. दीर्घिका थांबवली कोणी, हा एक प्रश्न. थांबल्यावर तिला दहा अब्ज वर्षं तशीच थांबलेली ठेवली कोणी, हा दुसरा. चूल विझवायला तांब्याभर पाणी पुरतं. पण शेजारी लाकडांचा ढीग असताना ती पुन्हा पेटू द्यायची नसेल, तर कोणीतरी रोज तिथे बसून राहावं लागतं. दोन्ही कामं एकाच यंत्रणेने आणि एकाच रीतीने केली असं धरून चाललं की सगळा गुंता होतो. म्हणून मी ती वेगळी ठेवतो.

आधी "एकदम" ह्या शब्दाकडे येऊ, कारण सगळा पुरावा त्या शब्दात आहे. दीर्घिका थांबताना आपण बघत बसू शकत नाही. मग ती झटकन थांबली की हळूहळू, हे कळतं कसं? ताऱ्यांच्या आयुष्यावरून. कन्येतली चित्रा आठव, निळसर, तेजस्वी. तिच्यातला मुख्य तारा सूर्याच्या दहापटीहून जड आहे, आणि असे तारे एक-दोन कोटी वर्षांत संपतात. मृगाच्या मागोमाग येणारा लुब्धक सूर्याच्या दुपटीएवढा. त्या जातीचे तारे शंभर कोटी वर्षांच्या आसपास टिकतात. सूर्यासारखे पिवळे तारे दहा अब्ज वर्षं. आता एखाद्या दीर्घिकेचा सगळा प्रकाश एकत्र घेऊन त्याचा वर्णपट काढला, म्हणजे तो रंगारंगांत फोडून पाहिला, आणि त्यात चित्राच्या जातीची एकही खूण नाही, पण लुब्धकाच्या जातीच्या ताऱ्यांनी उमटवलेल्या हायड्रोजनच्या रुंद, खोल, काळ्या रेषा ठसठशीत आहेत, तर अर्थ स्वच्छ आहे. काही कोटी ते शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे तारे धडाक्याने बनत होते आणि मग ते बनणं तुटलं. हळूहळू कमी होत गेलं असतं, तर थोड्या का होईना चित्रा दिसल्या असत्या. असे वर्णपट मी शेकड्यांनी पाहिले असतील, तरी त्या काळ्या रेषा पडद्यावर उमटल्या की आजही थांबून बघतो.

दुसरं घड्याळ याहून बारीक आहे. मॅग्नेशियम मुख्यतः जड ताऱ्यांच्या स्फोटांतून येतं आणि ते स्फोट काही कोटी वर्षांत उरकतात. लोखंडाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या दाट गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो, आणि त्यांना पुष्कळदा शंभर कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मोठ्या लंबगोल दीर्घिकांच्या ताऱ्यांमध्ये लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त सापडतं. म्हणजे लोखंड नीट मिसळायच्या आतच तिथली ताऱ्यांची निर्मिती आटोपलेली होती. जितकी दीर्घिका मोठी, तितकी ही खूण ठळक. लहान दीर्घिका रेंगाळत तारे करतात. मोठ्या लवकर सुरू होतात, भडकतात आणि लवकर थांबतात.

विजयदुर्गावरच्या साहेबाच्या ओट्यांवर तुम्ही बसला होतात ना? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्या ओट्यांची आठवण जोडलेली आहे. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेच्या अगदी शेजारी, पण तिची नव्हे. तिच्यातूनच पुढे हेलियम सापडला. ह्या जोडरेषेचं नाव लक्षात ठेव, पुढे ती पुन्हा येणार आहे.

जेम्स वेब दुर्बिणीने ह्या प्रश्नाला खरी धार आणली. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. जीएस-९२०९ नावाची एक दीर्घिका, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, ती आपल्याला महास्फोटानंतर सव्वाशे कोटी वर्षांनी होती तशी दिसते. तेव्हाच तिच्यात सुमारे ४० अब्ज सूर्यांइतके तारे तयार होते. वर्णपट सांगतो की ते जेमतेम वीस कोटी वर्षांत बनले, आणि महास्फोटानंतर साधारण ८० कोटी वर्षांनी काम बंद पडलं. त्यानंतर तर महास्फोटापासून सुमारे ७० कोटी वर्षांवरचीच एक शांत दीर्घिका सापडली. आपली आकाशगंगा आज वर्षाला एक-दोन सूर्यांइतके तारे करते. ह्या जुन्या दीर्घिका भरात असताना वर्षाला शेकडो सूर्य घडवत होत्या, आणि मग शांत.

इथे एक इशारा देतो, कारण माझी एक चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका लाल दीर्घिकेवर जवळपास वर्षभर काम केलं. लाल रंग म्हणजे निळे तारे नाहीत, म्हणजे थांबलेली, असा माझा निष्कर्ष होता आणि मी मसुदाही लिहून ठेवला होता. मग मिलिमीटरच्या आसपासच्या लांब लहरींत तिचं निरीक्षण झालं आणि ती तिथे झळाळत होती. तारे भरपूर जन्मत होते, पण दाट धुळीच्या पडद्याआड. धूळ निळा प्रकाश गिळते आणि दीर्घिका लाल दिसते, मावळता सूर्य लाल दिसतो तसा. मसुदा फाडावा लागला. तेव्हापासून नुसत्या रंगावर मी विश्वास ठेवत नाही, वर्णपट हातात आल्याशिवाय कोणत्याही दीर्घिकेला थांबलेली म्हणत नाही. तूही ठेवू नकोस.

आता थांबवलं कोणी?

एक संशयित म्हणजे खुद्द दीर्घिकाच: सगळा थंड वायू तिनेच खाऊन टाकला. ह्यात तथ्य आहे. जवळच्या साध्या दीर्घिकांना हाताशी असलेला थंड वायू संपवायला एक-दोन अब्ज वर्षं लागतात, पण भडकलेल्या दीर्घिका तो दहा कोटी वर्षांतही फस्त करू शकतात. अडचण अशी की बाहेरून नवा वायू सतत येत असतो. त्या काळात तर तो धो धो येत होता. साठा संपला तरी आवक का थांबावी, ह्याचं उत्तर ह्यातून मिळत नाही.

दुसरा संशयित दीर्घिकेचा आकारच. दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याच्या, वेढ्याचं वस्तुमान लाख कोटी सूर्यांच्या आसपास गेलं की आत पडणारा वायू शेकडो किलोमीटर प्रति सेकंद वेगाने येऊन आपटतो आणि लाखो अंशांपर्यंत तापतो. तो आत पोचत नाही, भोवतीच अडकतो. आवक तुटण्याचं हे उत्तम कारण आहे आणि मोठ्या दीर्घिकाच का, हेही त्यातून कळतं. पण हे उपासमारीचं मरण. घरातला साठा संपेपर्यंत दीर्घिका चालूच राहील. झटकन थांबायला आतला वायूही उपसून काढणारं कोणीतरी हवं.

ताऱ्यांचे स्फोट? छोट्या दीर्घिकेत ते वायू उधळून लावतात. मोठीचं गुरुत्वाकर्षण त्यांना पुरून उरतं.

राहिलं कृष्णविवर. तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न इथे येतो आणि तो नेमका आहे. कृष्णविवर आत गेलेलं काही परत देत नाही, हे खरं. पण आत जाण्याआधी काय होतं ते बघ. वायू सरळ तोंडात पडत नाही, भोवती गरगरत तबकडी करतो. त्या तबकडीत थरावर थर घासून तो भयंकर तापतो आणि वाटेतच प्रचंड ऊर्जा सोडतो. हायड्रोजनचं हेलियम होताना, म्हणजे सूर्याच्या पोटात, वस्तुमानाचा ०.७ टक्का ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराकडे पडताना साधारण १० टक्के. जे गिळलं गेलं ते गेलंच. गिळताना जो भडका उडाला त्याने उरलेलं ढकललं.

हा भडका पुरेसा आहे का, ते वहीवर काढता येतं. आत्ताच काढ. दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या सगळ्या ताऱ्यांचं वस्तुमान एक धर. मधल्या कृष्णविवराचं त्याच्या साधारण एक हजारांश असतं. ते वाढताना १० टक्के ऊर्जा सुटली, म्हणजे फुगवट्याच्या वस्तुमानऊर्जेच्या (सगळं वस्तुमान ऊर्जेत बदललं तर होईल तेवढ्या ऊर्जेच्या) दहा हजारांतला एक भाग. आता फुगवटा बांधून ठेवणारी ऊर्जा. तिथले तारे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने फिरतात, प्रकाशाच्या वेगाच्या एक हजारांश. बंधनऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणून ती वस्तुमानऊर्जेच्या दहा लाखांतला एक भाग. दहा हजारांतला एक भागिले दहा लाखांतला एक, उत्तर शंभर. फुगवटा बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शंभरपट ऊर्जा कृष्णविवराने आपल्या वाढीच्या काळात सोडलेली असते. तिचा शंभरावा हिस्सा जरी वायूला लागला तरी काम होतं. विद्यार्थीदशेत हा हिशोब मी पहिल्यांदा केला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आपल्या सूर्यमालेत मावेल एवढ्या आकाराची वस्तू हजारो प्रकाशवर्षांच्या दीर्घिकेचं भवितव्य ठरवू शकते, हे त्या तीन ओळींत उभं राहतं.

पण ऊर्जा आहे म्हणजे ती वापरली गेलीच, असं नाही. म्हणून प्रत्यक्ष बाहेर जाणारा वायू पकडणं महत्त्वाचं. २०२४ मध्ये जीएस-१०५७८ ह्या दीर्घिकेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिचा प्रकाश साडेअकरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. तारे घडवणं जवळजवळ थांबलेलं, मध्ये जागं कृष्णविवर. वेबने तिच्या वर्णपटात सोडियमची तीच पिवळी जोडरेषा पाहिली, विश्वाच्या प्रसरणाने चौपट ताणली जाऊन अवरक्तात गेलेली. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश पुढच्या थंड वायूतल्या सोडियमने अडवला होता, म्हणून तिथे काळी खूण उमटली होती. आणि ती खूण तिच्या ठरलेल्या जागी नव्हती. निळ्याच्या बाजूला सरकलेली होती, म्हणजे तो वायू आपल्या दिशेने, दीर्घिकेतून बाहेर निघाला होता. वेग सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर. परत न येण्याइतका. आधी लोकांना बाहेर पडणारा गरम, चमकणारा वायू दिसायचा आणि तो फार थोडा भरायचा. हा थंड, न चमकणारा वायू त्याहून पुष्कळ जास्त निघाला. ज्या मालातून तारे झाले असते तोच माल दाराबाहेर चालला होता.

मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. तरी प्रत्येक दीर्घिकेत हेच झालं असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये आयडी२२९९ ही दीर्घिका पुढे आली. वर्षाला सुमारे दहा हजार सूर्यांइतका वायू ती गमावत होती. शोधणाऱ्यांच्या मते तो दोन दीर्घिकांच्या टकरीत उपसल्या गेलेल्या शेपटीतून जात होता, कृष्णविवरामुळे नव्हे. माझं मत असं: ताऱ्यांच्या जन्माचा भडका, टक्कर आणि कृष्णविवर हे बहुतेक वेळा एकत्रच येतात. टकरीने वायू मध्याकडे लोटला जातो, तारे धडाधड होतात, त्याच वायूवर कृष्णविवर पोसतं, आणि शेवटी तेच उरलेलं बाहेर घालवतं. जीएस-९२०९ च्या मध्यातही पन्नास कोटी सूर्यांच्या आसपासचं, दीर्घिकेच्या मानाने फार मोठं कृष्णविवर आहे. एवढं वाढताना त्याने काय केलं असेल, ह्याचा हिशोब तू वर केलासच.

दुसरा प्रश्न राहिला, थांबलेली ठेवली कोणी? इथे पुरावा जवळ आहे आणि भक्कम आहे. ययाती समूहाच्या मधल्या दीर्घिकेभोवतीचा गरम वायू क्ष-किरण सोडत सोडत थंड होतोय. काहीच आडवं आलं नाही तर दर वर्षी शेकडो सूर्यांइतका थंड वायू मध्यात पडायला हवा. प्रत्यक्षात त्याचा लहानसा हिस्साच दिसतो. चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात कारण दिसलं. मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी, म्हणजे त्याच्या जवळून प्रचंड वेगाने सुटणाऱ्या अरुंद धारांनी, गरम वायूत मोठमोठे बुडबुडे फुगवले आहेत, आणि त्यांच्याभोवती तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तसे तरंग आहेत. २००३ मध्ये हे तरंग ध्वनिलहरी म्हणून ओळखले गेले. त्यांचा स्वर पेटीच्या मधल्या सप्तकापासून ५७ सप्तकं खाली. ही लहानशी, पण न संपणारी ऊब वायूला गारठू देत नाही. वायू जरा थंड झाला की थोडा मध्यात पडतो, कृष्णविवर जागं होतं, पुन्हा तापवतं. मग आवक थांबते, ते निजतं. विझवताना जो आवेश लागला तो इथे लागत नाही.

ह्या बुडबुड्यांत माझा जीव जास्त गुंतलेला आहे, कारण ते रेडिओ लहरींत दिसतात आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिथे मी अनेक रात्री काढल्या आहेत. बुडबुड्यातले इलेक्ट्रॉन जुने झाले की आधी उच्च वारंवारतेला विझतात आणि खालच्या वारंवारतेला मागे उरतात. म्हणून जुन्या भडक्यांचे अवशेष शोधायला खालची वारंवारता लागते आणि ती खोडदची ताकद आहे. २०२० मध्ये भुजंगधारी समूहातल्या एका अवाढव्य जुन्या भडक्याची खात्री पटली, त्यात चंद्रा आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीबरोबर जीएमआरटीच्या नोंदीही होत्या. क्ष-किरणांच्या चित्रात वायूत एक वाकडी कड दिसत होती. रेडिओत पाहिलं तर त्या कडेच्या पलीकडची पोकळी जुन्या इलेक्ट्रॉनांनी भरलेली होती.

तू पाहिलेल्या मेसिए ८७ मध्येही हेच चालू आहे. तिचा झोत १९१८ मध्ये हेबर कर्टिस यांनी छायाचित्रात टिपला, तेव्हा तो काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या मुळाशी साडेसहा अब्ज सूर्यांइतकं कृष्णविवर आहे. २०१९ मध्ये पेपरात छापून आलेलं ते केशरी कडं त्याचंच.

समूहातून वेगाने जाताना वाऱ्याने वायू उडून जाणं, हाही थांबण्याचा एक मार्ग आहे. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटने २०१५ नंतर अशा जेलीफिश दीर्घिकांच्या शेपट्यांमधले नवे तारे अतिनील प्रकाशात सुंदर टिपले आहेत. पण तो जोर मुख्यतः लहान-मध्यम दीर्घिकांवर चालतो, म्हणून इथे लांबवत नाही.

निघताना तू जेटीवर विचारलं होतंस, आपली आकाशगंगाही थांबेल का? आपल्या कृष्णविवराचं वस्तुमान ४० लाख सूर्यांहून थोडं जास्त, मेसिए ८७ च्या मानाने फारच कमी, आणि सध्या ते निजलेलं आहे. पण कायम निजलेलं नव्हतं. २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या गॅमा किरणांच्या नोंदींत आकाशगंगेच्या मध्यापासून वर आणि खाली, प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षं उंचीचे दोन फुगे सापडले. खगोलाच्या मानाने ते अगदी ताजे आहेत. एप्रिलच्या अमावास्येला पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेला धनू रास बरीच वर आलेली असते. आकाशगंगेचा मध्य तिथेच आहे, धुळीच्या काळ्या पट्ट्यांच्या मागे. फुगे डोळ्यांना दिसणार नाहीत, पण ते त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना, निम्मं आकाश व्यापून उभे आहेत. मी तेव्हा गावीच असेन. दुर्बीण घेऊन येतो, तू वहीतला तो हिशोब घेऊन ये.